कथा मध्यावर येऊन थांबते तेव्हा: दोष कुठे शोधावा आणि लेखन पुन्हा कसे सुरू करावे

कथा-कादंबरी लिहू लागलेल्या नवोदितांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. सुरुवात जोमाने होते, पहिली पंचवीस-तीस पाने झरझर लिहून होतात, पात्रे डोळ्यांसमोर हिंडू लागतात, आणि मग ठरवलेल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कुठेतरी हात थबकतो. पुढचा प्रसंग सुचत नाही असे नाही. चार-पाच प्रसंग सुचतात, पण त्यांपैकी नेमका कोणता लिहावा हे ठरत नाही आणि जो लिहावा तो निर्जीव वाटतो. अशा वेळी दुसरी एखादी कल्पना डोक्यात येते, ती नवी असल्यामुळे अधिक टवटवीत वाटते, जुने हस्तलिखित कपाटात जाते, आणि काही महिन्यांनी ही नवी कथाही जवळपास त्याच मुक्कामावर येऊन थांबते.

माझ्या स्वतःच्या तीन कादंबऱ्या अशा थांबल्या. दर वेळी मी त्याचे कारण म्हणून शिस्तीचा अभाव, वेळेची कमतरता किंवा प्रतिभेची मर्यादा यांपैकी काहीतरी स्वतःला सांगत असे आणि शेवटच्या पानावर पुन्हा पुन्हा बसत असे. चौथ्या वेळी एका जाणत्या वाचकाने ते हस्तलिखित वाचले आणि अडकलेल्या पानाबद्दल एक शब्दही न बोलता, त्याच्या कितीतरी आधी येणाऱ्या एका प्रसंगावर बोट ठेवले. तिथे माझ्या नायिकेला एक निर्णय घ्यावा लागणार होता आणि मी तिला तो घेऊ न देता तिच्या आजारी मावशीला मध्ये आणले होते. तो प्रसंग बदलल्यावर पुढची वाट आपोआप मोकळी झाली. त्यानंतर इतरांची बरीच अपुरी हस्तलिखिते वाचताना मला हेच दिसत आले आहे, की कथा ज्या पानावर थांबते त्या पानावर दोष क्वचितच असतो. तो मागे, बहुधा दहा-वीस पाने मागे आणि कधी कधी अगदी पहिल्या प्रकरणात असतो, आणि लेखक मात्र शेवटच्या ओळीकडे टक लावून बसलेला असतो.

म्हणून या अडचणीचे निवारण करताना पुढे काय लिहावे हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि लिहिलेल्या मजकुराची तपासणी करावी.

आधी खात्री करा की दोष कथेतच आहे

थकवा, घरातील चिंता, नोकरीतील ताण यांमुळेही लेखन थांबते आणि अशा वेळी कथेची चिरफाड करण्यात अर्थ नसतो. हे ओळखण्याची सोपी युक्ती अशी की त्याच कथेतील पात्रांचा, पण कथानकात कुठेही न बसणारा एखादा प्रसंग अर्धा तास लिहून पाहावा. उदाहरणार्थ, दोन मुख्य पात्रे दहा वर्षांपूर्वी प्रथम भेटली तेव्हाचे त्यांचे बोलणे. तो मजकूर सहज उतरला तर लेखक ठीक आहे आणि बिघाड कथेच्या रचनेत आहे. तोही उतरला नाही तर विश्रांतीची गरज असण्याचा संभव अधिक.

तिसरी एक शक्यता अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी आपल्या आत्मकथनात फार नेमकेपणाने नोंदवली आहे. टॉम सॉयरची गोष्ट लिहिताना हस्तलिखिताच्या सुमारे चारशेव्या पानावर ती अचानक थांबली आणि काही केल्या पुढे जाईना. त्यांच्या शब्दांत त्यांची टाकी रिकामी झाली होती. दोन वर्षे हस्तलिखित तसेच ठेवल्यावर टाकी पुन्हा भरल्याचे त्यांना आढळले आणि कादंबरी पूर्ण झाली. हा अनुभव खरा आहे, पण नवोदिताने त्याचा आधार सावधपणे घ्यावा असे मला वाटते. ट्वेन यांच्या हाताशी तोवर अनेक पूर्ण झालेली पुस्तके होती, आणि शेवटापर्यंत जाण्याची सवय लागली होती. ज्याने अजून एकही कथा शेवटास नेलेली नाही त्याने हस्तलिखित दोन वर्षे बाजूला ठेवले तर ते बहुधा कायमचेच बाजूला पडते. विश्रांती द्यायची असेल तर तिची मुदत ठरवावी, तीन-चार आठवड्यांहून अधिक नसावी, आणि मुदत संपल्यावर खाली दिलेली तपासणी करावी.

प्रसंगांची यादी आणि त्यांमधील सांधे

आतापर्यंत लिहिलेले सर्व प्रसंग क्रमाने, प्रत्येकी एका वाक्यात, कागदावर उतरवावेत. वाक्यात घटना असावी, वातावरण किंवा भावना नको. ‘तिला एकाकी वाटते’ हे वाक्य चालणार नाही, ‘ती फोन उचलत नाही’ हे चालेल. एखाद्या प्रसंगाचे असे वाक्य करताच येत नसेल तर तिथे खूण करून पुढे जावे. यादी झाली की प्रत्येक दोन वाक्यांच्या मध्ये एक जोडशब्द लिहावा: ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘आणि मग’. इथे स्वतःशी प्रामाणिक राहणे महत्त्वाचे आहे, कारण ‘म्हणून’ लिहिण्याचा मोह अनावर होतो. आधीचा प्रसंग काढून टाकला तरी पुढचा प्रसंग तसाच घडू शकत असेल, तर तो सांधा ‘आणि मग’चाच आहे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत हा भेद एका राजा-राणीच्या उदाहरणाने दाखवला होता. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्याच्या शोकाने राणी मेली, हे झाले कथानक. हे उदाहरण लेखनाच्या वर्गांत इतक्यांदा सांगितले जाते की त्याची धार बोथट झाली आहे, परंतु ते आपल्याच यादीला लावून पाहिले की अजूनही धक्का बसतो. ज्या हस्तलिखितांचे लेखन थांबलेले असते त्यांच्या यादीत सुरुवातीला ‘म्हणून’ आणि ‘पण’ यांची साखळी दिसते आणि कुठेतरी तीन-चार ‘आणि मग’ ओळीने येतात. त्यांतील पहिला ‘आणि मग’ जिथे आहे, दोष बहुधा तिथे असतो. त्यानंतरची पाने लेखकाने सुरुवातीच्या वेगावर ओढत नेलेली असतात. वेग ओसरला की गाडी थांबते.

एक उदाहरण घेऊ. समजा, निवृत्तीला आलेला एक पूल-तपासनीस आहे. अनेक वर्षांपूर्वी एका पुलाच्या खांबातील बारीक भेग त्याने पाहिली होती आणि वरिष्ठांच्या दबावाखाली अहवालात ती नोंदवली नव्हती. कथेच्या सुरुवातीला तो योगायोगाने त्या पुलावरून जातो आणि भेग रुंदावल्याचे त्याला दिसते. ही सुरुवात उत्तम आहे. आता पहिल्या खर्ड्याची यादी पाहा. त्याला भेग दिसते. म्हणून त्याला रात्री झोप लागत नाही. आणि मग मुलगी माहेरी येते. आणि मग त्याच्या निरोप समारंभाची तयारी सुरू होते. आणि मग त्याला जुना अहवाल आठवतो. आणि मग तो पुन्हा पुलावर जातो. इथे कथा थांबली. लेखकाने पुलाचे वर्णन तीनदा केले, प्रत्येक वेळी अधिक सुंदर केले, आणि तरीही ती पुढे सरकली नाही. याचे कारण सहाव्या प्रसंगात सापडणार नाही. तिसऱ्या प्रसंगात, जिथे भेग पाहिलेल्या माणसाने काहीतरी करायला हवे होते आणि त्याऐवजी मुलगी आली, तिथे कथेचा धागा तुटला आहे.

तुटलेल्या सांध्यामागची कारणे

धागा कुठे तुटला हे कळल्यावर तो का तुटला हे पाहावे. सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे मुख्य पात्राला काहीच नको असते. ते पाहते, आठवते, सोसते आणि इतरांच्या कृतींची नोंद ठेवते. नवोदितांचे नायक बरेचदा लेखकाचेच प्रतिबिंब असतात आणि लेखकाचा स्वभाव निरीक्षकाचा असतो, त्यामुळे हे घडते. इथे पात्राला धाडसी करण्याची गरज नाही. भित्र्या माणसालाही काहीतरी तीव्रतेने हवे असते: गोष्ट उघडकीस येऊ नये, निवृत्तिवेतन बुडू नये, मुलीच्या नजरेतून आपण उतरू नये. आपल्या तपासनिसाला जर ‘हे कुणाला कळू नये’ असे हवे असेल, तर तो कृती करील: जुनी फाइल कुठे आहे याची चौकशी करील, त्या वेळच्या सहकाऱ्याला गाठील, नव्या तपासणीची तारीख पुढे ढकलण्याचा प्रयत्न करील. या प्रत्येक कृतीतून पुढचा प्रसंग जन्म घेतो. निष्क्रिय दिसणाऱ्या पात्राची इच्छा शोधताना त्याला काय मिळवायचे आहे असे विचारण्याऐवजी त्याला काय गमवायचे नाही असे विचारले, तर उत्तर लवकर सापडते असा माझा अनुभव आहे.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. पात्राला इच्छा असते, परंतु तो गप्प बसला तरी काहीच बिघडत नाही. तपासनीस महिनाभर काही बोलला नाही तर काय होईल, या प्रश्नाला पहिल्या खर्ड्यात उत्तर नाही. पूल महिनाभर उभाच राहणार आहे. अशा वेळी लेखक अपघात घडवून आणतो, म्हणजे पूल कोसळवतो, आणि कथा संपूनच जाते. त्याऐवजी गप्प बसण्याची किंमत दुसऱ्या कुणालातरी मोजावी लागेल अशी रचना करता येते. समजा, पुलाची नवी तपासणी त्यानेच हाताखाली घेऊन घडवलेल्या एका तरुणीकडे आली आहे, ती त्याच्या जुन्या अहवालावर पूर्ण विश्वास ठेवून आहे, आणि येत्या सोमवारी ती सही करणार आहे. आता दिवस मोजलेले आहेत, आणि त्याचे मौन तिला त्याच अपराधात ओढणार आहे. एवढ्या एका बदलाने मुलीचे माहेरी येणे आणि निरोप समारंभ हे दोन्ही प्रसंग टाकून न देता उपयोगी पडू शकतात: समारंभात ती तरुणीच त्याच्या सचोटीबद्दल भाषण करील आणि मुलगी ते ऐकत समोर बसलेली असेल.

तिसरे कारण गुपिताशी निगडित आहे, आणि त्यावर थोडे थांबावेसे वाटते, कारण ते हुशार लेखकांना अधिक नडते. निवेदन प्रथमपुरुषी असते, निवेदकाला एक गोष्ट ठाऊक असते आणि शेवटी धक्का देता यावा म्हणून लेखक ती वाचकापासून लपवून ठेवतो. सुरुवातीला हे लपवणे खेळासारखे वाटते. पण जसजशी पाने वाढतात तसतसे निवेदकाच्या मनात शिरणेच अशक्य होत जाते, कारण त्याच्या मनात तीच गोष्ट घोळत असणार आणि तिचा उच्चार तर करायचा नाही. परिणामी निवेदक पावसाबद्दल, खिडकीबद्दल, चहाच्या कपाबद्दल बोलू लागतो. लेखकाला वाटते की भाषा आटली. प्रत्यक्षात त्याने आपल्याच निवेदकाच्या तोंडावर हात ठेवलेला असतो. अशा ठिकाणी गुपित पहिल्या दहा पानांत सांगून टाकण्याचा प्रयोग अवश्य करावा. वाचकाला गुपित कळल्याने ताण संपतो ही भीती बहुतेक वेळा निराधार ठरते. वाचकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्या पात्राला ठाऊक नाही, या अंतरातून जो ताण निर्माण होतो तो प्रत्येक साध्या संवादाला पुरतो. तपासनीस त्या तरुणीशी जेवणाच्या सुट्टीत क्रिकेटबद्दल बोलत असला तरी वाचक श्वास रोखून ऐकेल. धक्क्याचा परिणाम एका पानापुरता असतो, हेही हिशेबात धरावे.

चौथे कारण म्हणजे कथा चुकीच्या काळात सुरू झालेली असणे. नवोदितांच्या बाबतीत ती बहुधा फार लवकर सुरू होते: बालपण, शिक्षण, घराण्याचा इतिहास यांत पन्नास पाने जातात आणि मूळ प्रसंग येईपर्यंत लेखक दमून जातो. यावर उपाय कठोर असला तरी सरळ आहे. यादीतील पहिला ‘म्हणून’ जिथे येतो तिथून कथा सुरू करावी आणि आधीचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा. क्वचित याच्या उलटही घडते. रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय यांनी झारविरुद्धच्या १८२५ च्या फसलेल्या उठावानंतर सैबेरियात गेलेल्या आणि १८५६ मध्ये कुटुंबासह परतणाऱ्या एका नायकाची कथा लिहायला घेतली होती. त्याला समजून घेण्यासाठी त्यांना १८२५ मध्ये, मग त्याच्या तारुण्याकडे म्हणजे नेपोलियनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धकाळात आणि शेवटी १८०५ पर्यंत मागे जावे लागले, आणि त्यातून ‘युद्ध आणि शांती’ ही कादंबरी उभी राहिली. मागे जावे की पुढे, याची कसोटी एकच ठेवावी. प्रत्येक प्रसंगात तुमची लेखणी वारंवार भूतकाळात घसरत असेल आणि तिथले लेखन वर्तमानापेक्षा जिवंत होत असेल, तर तुमची कथा बहुधा त्या भूतकाळातच आहे.

याखेरीज काही लहान कारणे असतात. पात्रे इतकी वाढलेली असतात की प्रत्येकाला न्याय देताना कथा फाटते. अशा वेळी एकच काम करणारी दोन पात्रे एकत्र करावीत. माहितीसाठी लेखन अडले असेल, तर त्या जागी चौकटी कंसात ‘इथे खांबाच्या तपासणीची पद्धत’ असे लिहून पुढे जावे आणि माहिती खर्डा पूर्ण झाल्यावर गोळा करावी. आणि कधी कधी हाती घेतलेला विषय मुळात पंधरा पानांच्या लघुकथेचा असतो, त्याला कादंबरी म्हणून ताणले जात असते. हे मान्य करणे जड जाते, पण यादीत सहा-सातच खरे प्रसंग असतील आणि त्यांतच सर्व काही घडून जात असेल, तर ती लघुकथा पूर्ण करावी. पूर्ण केलेल्या लघुकथेतून लेखकाला शेवट लिहिण्याचा जो अनुभव मिळतो तो दोनशे अपुऱ्या पानांतून मिळत नाही.

टाळलेला प्रसंग

यादी निर्दोष दिसते, सांधे पक्के आहेत, आणि तरीही लेखन थांबले आहे, असेही घडते. अशा वेळी मी लेखकाला विचारतो की या कथेतील कोणता प्रसंग लिहिण्याची तुम्हाला धास्ती वाटते? उत्तर बहुधा लगेच येते, आणि तो प्रसंग अडकलेल्या जागेपासून फार दूर नसतो. वडील आणि मुलगा समोरासमोर बसतील, ती त्याला खरे सांगेल, तपासनीस त्या तरुणीच्या टेबलासमोर जाऊन उभा राहील. हा प्रसंग आपल्याला पेलणार नाही, तो नाटकी होईल किंवा त्यात आपल्याच आयुष्यातले काहीतरी उघडे पडेल, या भीतीने लेखक त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहतो.

त्यावर एकच उपाय मला परिणामकारक वाटला आहे: तो प्रसंग क्रम सोडून, आज, सर्वांत आधी लिहावा. तो वाईट उतरला तरी चालेल. पहिल्या वेळी केवळ संवाद लिहावेत, कोण कुठे उभे आहे याचीही फिकीर करू नये. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग समोरच्या पात्राच्या बाजूने लिहावा, कारण आपण ज्याला घाबरतो त्या पात्राची बाजू आपण सहसा विचारातच घेतलेली नसते. तरुणीच्या बाजूने लिहिताना कदाचित असे ध्यानात येईल की तिला भेग आधीच दिसली आहे आणि ती त्याने स्वतःहून बोलावे याची वाट पाहते आहे. असा शोध यादीतून लागत नाही, तो प्रत्यक्ष लिहितानाच लागतो. प्रसंग एकदा कागदावर आला की त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मधले कोणते दोन-तीन प्रसंग आवश्यक आहेत हे दिसू लागते, आणि मध्याचा तो पसरलेला प्रदेश एकदम आटोक्यात येतो.

दुरुस्ती करताना मागे किती जावे

दोष सापडल्यावर पहिल्या पानापासून पुनर्लेखन सुरू करण्याची इच्छा प्रबळ होते. ती आवरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली तीस पाने अकरा वेळा लिहिलेली आणि एकतिसावे पान कधीच न लिहिलेले असे अनेक लेखक मी पाहिले आहेत, आणि त्यांतील काहींची भाषा खरोखर सुरेख होती. तुटलेल्या सांध्यापर्यंत मागे जावे, तो एक प्रसंग नव्याने लिहावा, आधीच्या पानांत कोणते बदल करावे लागतील याची टिपणे वेगळ्या कागदावर करून ठेवावीत, आणि ते बदल झालेच आहेत असे गृहीत धरून पुढे लिहावे. नायकाचा व्यवसाय बदलला असेल तर या पानापासून तो नवा व्यवसाय करू लागेल. मागील पाने दुसऱ्या खर्ड्यात दुरुस्त होतील. वाचकाच्या हाती पहिला खर्डा जाणारच नसतो, तेव्हा ही विसंगती काही काळ सहन करायला हरकत नाही.

या काळात नव्या कथेच्या कल्पना येतीलच, किंबहुना अधिकच येतील. त्यांच्यासाठी एक वही ठेवावी, कल्पना चार-पाच ओळींत टिपून ठेवावी आणि हातातील खर्डा संपेपर्यंत ती वही पुन्हा उघडू नये. दररोजचे लेखन थांबवताना पुढे काय घडणार हे ठाऊक असताना थांबावे, हा अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांचा प्रघात अशा नाजूक दिवसांत फार उपयोगी पडतो, कारण दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी अर्ध्या प्रसंगावर बसता येते.

दुरुस्ती लागू पडली की नाही हे आठवडाभरात कळते. नवा प्रसंग लिहून झाल्यावर त्याच्या पुढचे दोन प्रसंग न ठरवता दिसू लागले आणि त्यांच्या आधी सहज ‘म्हणून’ किंवा ‘पण’ लिहिता आले, तर सांधा जुळला आहे. ते दिसत नसतील तर बहुधा दोन दोष आहेत आणि तुम्हाला नंतरचा आधी सापडला आहे. यादी घेऊन आणखी मागे जावे, विशेषतः ज्या प्रसंगाचे एका वाक्यात रूपांतर करता आले नव्हते आणि ज्याच्यापुढे खूण केली होती, त्या प्रसंगापासून तपासणी पुन्हा सुरू करावी.